कमी वेढ्यांचे पिकअप

प्रिय दादा,

जय भीम. आधी चांगली बातमी सांगते, म्हणजे तू पुढचं वाचशील. तू बनवून पाठवलेले पिकअप गिटारमध्ये परत बसले आहेत आणि या वेळी ते कोणी काढणार नाही. दुसरी बातमी मात्र एका ओळीत सांगता येत नाही. तिला हे सगळं पत्र लागणार आहे, तेव्हा मध्येच फेकून देऊ नकोस. माझा जीव थाऱ्यावर नाही. जयंती तोंडावर आली, कार्यक्रम आपल्या आर्णीतच आहे, बाबा गाणार म्हणून पोरांनी बॅनरसुद्धा छापायला टाकलं, आणि तू आईला सांगून मोकळा झालास की यंदा येत नाही. तेव्हापासून फोन वाजला की आई आधी माझं तोंड बघते. मी हसले तर तुझा फोन नाही, एवढं तिला आता कळायला लागलं आहे.

तुझा राग मला कळत नाही असं समजू नकोस. हैदराबादला दिवसभर लोकांच्या गिटारी दुरुस्त करायच्या आणि उरलेल्या वेळात केसाएवढी तांब्याची तार गुंडाळत बसायचं, ते कोणासाठी केलंस हे मला ठाऊक आहे. कंपनीच्या पिकअपला वेढे फार, म्हणून आवाज जाड येतो आणि बाबांच्या गळ्यावर जाऊन बसतो. आपण वेढे कमी ठेवू, गिटार थोडी हळू वाजेल पण स्वच्छ वाजेल आणि बाबांच्या आवाजाला जागा राहील, हे तू मला किती उत्साहानं सांगितलं होतंस. सोबत त्यांना मोबाईलवर तो मेसेज बोलून पाठवलास. आणि उत्तर काय मिळालं, तर आईच्या तोंडून, की बाबा म्हणतात गिटारचा आवाज मेला. मेसेजबद्दल तर चकार शब्द नाही. तू मला विचारलंस, त्यांनी ऐकला का. मी हो म्हटलं, कारण ते मेसेज लावून बसलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. तू म्हणालास, "आयकून चूप बसले, म्हंजे झालं त्यायचं," आणि फोन ठेवलास. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आता क्रमानं सांगते. तू पिकअप, स्विच, वायरी सगळं एकाच प्लेटवर जोडून पाठवलंस म्हणून बरं झालं, नाहीतर देवीलालनं माझ्या गिटारची आमटी केली असती. देवीलाल तुला आठवतो ना, बसस्टँडमागचा, मिक्सर आणि होम थिएटर दुरुस्त करणारा. त्यानं आयुष्यात गिटार उघडली नव्हती, पण हात लावायची हौस दांडगी. मोजक्याच वायरी सोडवून तुझ्या प्लेटच्या जोडायच्या होत्या, तरी मी तुझा व्हिडिओ समोर धरून उभी होते आणि तो प्रत्येक वायरीला मला शुभेच्छा देत होता. आई बरोबर आलेली. तिनं विचारलं, यात एवढं काय असते. मी सांगितलं, आत लोहचुंबक असतो, त्याला तार गुंडाळलेली असते, वरची तार थरथरली की हे ते पकडून अ‍ॅम्पला देतं. आई म्हणाली, "मंग माईकच म्हन ना सरळ." सहा महिने मी जे समजून घेत होते ते तिनं एका वाक्यात संपवलं.

आणि दादा, काय सुंदर वाजली रे गिटार! तू समोर नव्हतास याचंच वाईट वाटलं. जुन्या पिकअपवर कॉर्ड मारली की सहाही तारा एकाच गोधडीत गुंडाळल्यासारख्या यायच्या. नव्यावर तार नि तार सुटी ऐकू आली, बारीक तारेचा टणत्कार तर भिंतीला लागून परत आला. स्विच मधल्या जागी ठेवला की दोन पिकअप मिळून ती भुणभुण जवळजवळ नाहीशीच होते, हे तू सांगितलं होतंस ते खरं निघालं. झरी जामणीच्या कार्यक्रमात रंगीत दिव्यांनी गिटार कशी कुरकुर करत होती, तुला व्हिडिओ पाठवला होता. कपिल ऑक्टोपॅड सोडून माझ्या बाजूला येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, आता बाबाचा सूर मोकळा निंगन." त्याला तुझा हिशोब कोणी सांगितला नव्हता.

मग बाबा आले. आपल्या गायन पार्टीचा रिवाज तू विसरला नसशील. नवीन वाद्य आलं, ढोलकीला नवं कातडं चढलं, नानाजींनी पेटी बदलली, काहीही असो, बाबा भिंतीकडं तोंड करून बसणार, वाजवणारा पाठीमागे वाजवणार, आणि ते हो म्हणतील तरच ते वाद्य स्टेजवर चढणार. "चमक पाहून मानूस हो म्हनते, म्हून मी पाहतच नाही." लहानपणी आपण दोघं दाराशी उभे राहून त्यांच्या पाठीकडं बघायचो आणि मान हलली की हो, नाही हलली की नाही, अशी पैज लावायचो. त्या पाठीचा धाक मला अजून वाटतो. मी वाजवलं. मान हलली नाही. परत वाजवलं. ते म्हणाले, "हे काय वाजून राह्यलं? जीवच नाही यात. जुनं काहून काढलं?" कपिल उठून आपल्या ऑक्टोपॅडकडं गेला. बाबांच्या पाठीला आजवर कोणी उलट बोललं आहे का? दुसऱ्या दिवशी देवीलालनं तुझी प्लेट काढून कंपनीची जुनी परत बसवली. आईनं भाबडेपणानं तुला जसंच्या तसं सांगून टाकलं. ती काही लावालावी करायला गेली नव्हती, तू विचारलंस आणि तिनं सांगितलं.

माझं काय झालं असेल याची कल्पना कर. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी मी. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. सोल्डरचा डाग कच्चा राहिला असेल. पिकअप तारांपासून फार खाली बसले असतील. तारा जुन्या असतील. गुपचूप तुझी प्लेट परत बसवून घेतली, स्क्रू फिरवून पिकअप वर घेतले तर आवाज करकरीत झाला, खाली घेतले तर तू म्हणत होतास तसाच गोड लागला. जुन्या आणि नव्या दोन्ही प्लेटचं रेकॉर्डिंग करून कपिलला ऐकवलं, शाळेत माझ्या बरोबरीच्या उज्ज्वला मॅडमला ऐकवलं, ती तर गिटार आणि सतार यात गोंधळ करते, तिनंही नवंच चांगलं म्हटलं. देवीलालनं मीटर लावून सगळं तपासलं आणि हात झटकले. "ताई, वायरी बराबर हायेत. तुमच्या बाबाचं मन जोडाचं सोल्डर माह्याजवळ नाही." मी हसले, पण घरी येईपर्यंत रडू येत होतं. मला आता असं वाटू लागलं होतं की बाबांनी पिकअप नाही, तुलाच नापास केलं. तू जाताना त्यांना म्हणाला होतास ना, तुमचा जमाना गेला, लोकांना आता डीजे पाहिजे. त्याचा वचपा ते असा काढत असतील का? बाबांबद्दल असं मनात यावं याची मला लाज वाटली, तरी येत होतं.

मग केळापूरचा कार्यक्रम झाला. त्यांचं म्हणणं ठेवायचं म्हणून मी परत कंपनीचीच प्लेट लावून नेली. दिवे लागले आणि गिटारमधून तळणीत पाणी पडल्यासारखा चरचराट सुरू झाला. पुढच्या रांगेतल्या बाया कानावर पदर घ्यायला लागल्या, निवेदकानं दोनदा वळून पाहिलं, मी घामाघूम. बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर, शांत. गाणं संपल्यावर मी म्हटलं, बाबा, किती चरचरत होतं. ते म्हणाले, "कुठं? मले तं काहीच आलं नाही." मला आधी वाटलं हट्टानं म्हणतात. पण त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं. परतीच्या जीपमध्ये सगळे चरचराटाच्या नकला करून हसत होते आणि बाबा सगळ्यांच्या तोंडाकडं बघून, जरा उशिरा, हसत होते.

रविवारी वंदना झाल्यावर मी त्यांना विहाराच्या मागच्या खोलीत थांबवलं. तुझी प्लेट लावून ठेवली होती. म्हटलं, एकदा परत पाठ करून ऐका, माझ्यासाठी. ते बसले भिंतीकडं तोंड करून. आई दारात उभी होती. मी कॉर्ड मारली नाही. फक्त सगळ्यात बारीक तार धरली, वरच्या पट्टीतला मुखडा, हळू पण नीट, जसा गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये वाजवते तसा. आईला दारात ऐकू येत होता. मुखडा संपला, मी तोच परत घेतला. बाबा स्वस्थ. मग म्हणाले, "सुरू कर ना मोना. कायची वाट पाहून राह्यली?"

मी वाजवतच राहिले रे. थांबायचं मला सुचलंच नाही. उत्तर येत नाही म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांना माझी बोटं तारांवर चालताना दिसली. त्यांनी अ‍ॅम्पकडं पाहिलं, त्याचा लाल दिवा लागलेला होता. आईकडं पाहिलं. आणि परत भिंतीकडं तोंड करून बसले. मी थांबले. बराच वेळ गेला. मग त्यांनी तसंच, पाठ करूनच विचारलं, "थांबली काय आता?" मी मोठ्यानं हो म्हटलं, इतकं मोठ्यानं की बाहेर चपला घालणारी माणसं वळली. बाबांची ती पाठ मला बघवेना. त्या पाठीला मी आयुष्यभर घाबरले आणि आता तिच्यावर हात ठेवावा असं वाटत होतं, पण ठेवला नाही, कारण हात लागला की ते वळले असते, मी रडले असते आणि ते त्यांना बरोबर दिसलं असतं.

मग एकेक गोष्ट उलगडायला लागली आणि मी स्वतःवरच चिडले. ते बोलताना तोंडाकडं का बघतात. स्टेजवर सरकत सरकत ढोलकीच्या पुढ्यात का उभे राहतात. शेजारची रुखमाबाई दारातून हाक मारते तेव्हा ओ देत नाहीत आणि ती महिनाभर त्यांच्याशी अबोला धरून बसते. आपण म्हणत होतो, वय झालं, बाबा तोऱ्यात राहायला लागले. तोरा कसला, बिचारे अंदाजानं हो आणि नाही म्हणत होते. तुझ्या कमी वेढ्यांच्या पिकअपनं जे बारीक, स्वच्छ ते पुढे आणलं आणि नेमकं तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. जुन्या पिकअपचा तो जाड गोंगाट तेवढा त्यांना येत होता, म्हणून त्यांना तो जिवंत वाटत होता. ते खोटं बोलले नाहीत दादा. त्यांना खरंच तुझी गिटार मेलेली ऐकू आली.

चार-पाच दिवस तसेच गेले. मला सारखी भीती, आता हे गाणंच सोडतील. पार्टी त्यांच्या कानावर चाललेली, आणि कानच गेला हे गावभर झालं तर लोक काय म्हणतील, यापेक्षा ते स्वतःला काय म्हणतील याचीच धास्ती जास्त. मग एका सकाळी त्यांनीच चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "यवतमाळले कधी चालतं?" मी शाळेत रजा टाकली. डॉक्टरबाईंनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. जाड आवाज ठीक आहेत, बारीक आवाज दोन्ही कानांतून बरेच गेले, वयानं थोडे आणि इतकी वर्षं स्पीकरच्या खांबाशेजारी उभं राहून जास्त. बोलण्यातली स, श, त, फ अशी अक्षरं पोचत नाहीत, समोर माणूस असेल तर ओठ बघून भागतं. कानाच्या मशीननं फरक पडेल. गाणं सोडायची काही गरज नाही. हे शेवटचं वाक्य मी त्यांना डॉक्टरबाईंकडून परत म्हणवून घेतलं.

मशीनचं ते जयंतीनंतर बघू म्हणतात. गाताना कानात शिट्टी वाजली तर सूर जाईल ही त्यांची भीती, आणि मला भीती की मशीनशिवाय त्यांनी एखादी उठावणी, म्हणजे गाणं उचलायची जागा, चुकवली तर. कपिलला विश्वासात घेतलं आहे, तो हात वर करून खूण करणार आहे. त्यांचा सूर मात्र जागेवर आहे, मी सरावात कान टवकारून ऐकते. आणि पिकअपचं सांगायचं राहिलंच. परवा मी जुनी प्लेट लावून सरावाला बसले तर बाबांनी हातानंच थांबवलं आणि तुझं नाव घेतलं. "रत्नाचेच लाव. लोकाइले आयकू येते ना? मंग झालं." दादा, आजवर त्यांनी दुसऱ्याच्या कानावर एक टाळसुद्धा पास केला नव्हता. तुझी प्लेट लावली, त्यांनी गायलं, आणि तू म्हणाला होतास तशी त्यांच्या आवाजाला ऐसपैस जागा मिळाली. नानाजी पेटी वाजवायची सोडून ऐकत बसले. ते सगळं बाबांनी आमच्या तोंडांवरून वाचलं.

आता हे पत्र का, फोन का नाही, ते सांगते. यवतमाळहून परत येताना बसमध्ये बाबांनी खिशातून मोबाईल काढला, तुझा तो मेसेज उघडला आणि माझ्यापुढं धरला. "हे काय म्हन्ते रत्ना? मले नुसती घरघर येते." दादा, तुझा मेसेज त्यांनी अंगणात बसून मोबाईल फुल करून लावला होता, एकदा नाही, कितीतरी वेळा. मी चुकलो बाबा, निघताना तसं बोलायला नको होतं, हे तुझं रडवेलं वाक्य मी ऐकलं, आईनं ऐकलं, रुखमाबाईनं पदर डोळ्याला लावला. सगळ्या गल्लीनं तुला माफ केलं. ज्यांच्यासाठी होतं त्यांनाच ते पोचलं नाही. तू फोन केलास की दोन शब्द बोलून ते आईच्या हातात फोन देतात, तेही त्यामुळंच. मी बसमध्ये त्यांना काही सांगितलं नाही. म्हटलं, बाबा, ते दादाच सांगेल. त्यांनी मान हलवली आणि मोबाईल परत खिशात ठेवला. तुला हे फोनवर सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथं त्यांना फोन लावला असतास, आणि तो परत आईच्या हातात गेला असता. म्हणून तुला हात जोडून सांगते, जयंतीला ये. आलास की त्यांच्यासमोर बस, उजेडात, ओठ दिसतील असा, आणि जे बोलला होतास ते परत बोल. हळूहळू बोल.

तुझीच वाट बघणारी,
मोना